एका क्रियापदाला नऊ महिने

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांच्या वाट्याला एक लहानसा शब्द आला: ‘रन’. पोरं शाळेत पहिल्या काही धड्यांतच शिकतात तो. या शब्दाची जुनी नोंद तपासून नव्यानं लिहायला गिलिव्हरना नऊ महिने लागले. २०११ साली काम हातावेगळं झालं, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. माणूस पळतो ते ‘रन’, नदी वाहते ते ‘रन’, नाक गळतं तेही ‘रन’. कपड्याचा रंग जातो, आगगाडी सुटते, यंत्र फिरतं, बातमी छापून येते, चोरटा माल किनाऱ्याला लागतो आणि अमेरिकेतला पुढारी निवडणुकीत उतरतो, तिथंही हेच क्रियापद हजर.

गंमत अशी की असल्या रोजच्या शब्दांना कोशाच्या उंबऱ्याच्या आत यायला बराच काळ वाट पाहावी लागली. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या शिक्षकानं इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश छापला. त्यात शब्द सुमारे अडीच हजार आणि सगळे अवघड. लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून आलेले. जे सगळ्यांना येतं, ते कोशात कशाला घालायचं, असा त्या काळचा साधा हिशेब होता. पुढची शंभर वर्षं हीच रीत चालली. १७०२ मध्ये ‘जे. के.’ एवढ्याच सहीनं निघालेल्या एका कोशानं ती मोडली आणि साधे शब्द आत घेतले. हा ‘जे. के.’ म्हणजे जॉन कर्सी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण शब्द आत आले तरी त्यांच्या वाट्याला अर्थ आला जेमतेम ओळभर.

साधा शब्द किती छळतो, याचा पहिला खरा अनुभव घेतला सॅम्युएल जॉन्सननं. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांशी त्याचा करार झाला १७४६ मध्ये आणि कोश बाहेर पडला १७५५ मध्ये. त्यात नोंदी ४२,७७३. अर्थाला आधार म्हणून जुन्या लेखकांची लाखाच्या वर अवतरणं. प्रस्तावनेत त्यानं ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’ अशा क्रियापदांची यादीच देऊन तक्रार मांडली आहे. वापर इतका सैल आणि सर्वत्र पसरलेला, की अर्थ मुठीत धरावा तर बोटांतून निसटतो. शिवाय मागे ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ओव्हर’ असलं शेपूट लागलं की क्रियापद भलतंच काही सांगू लागतं. परक्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण हीच, हेही त्यानं ओळखलं होतं. एकट्या ‘टेक’चे त्यानं १३४ अर्थ लावले.

ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना पुढं आली १८५७ मध्ये, फिलॉलॉजिकल सोसायटीत. जुनी पुस्तकं वाचून शब्द जिथं सापडेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवा, असं वाचकांना आवाहन करण्यात आलं. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादकपद घेतलं, तेव्हा त्यांच्या ताब्यात सुमारे दोन टन चिठ्ठ्या आल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर होता, दुसऱ्यात उंदरीण पिलांसह नांदत होती. मरेंचा खरा मनस्ताप मात्र वेगळा होता. ‘अब्यूझन’ या जवळजवळ मेलेल्या शब्दासाठी पन्नासेक चिठ्ठ्या निघाल्या आणि ‘अब्यूज’ या नेहमीच्या शब्दासाठी पाचसुद्धा नाहीत. वाचणाऱ्याची नजर अनोळखी शब्दावर अडकायची. ओळखीचा शब्द पानापानावर असूनही कुणी टिपायचं नाही. मग हाताखालच्या माणसांनी पुन्हा पुस्तकं चाळून साध्या शब्दांची उदाहरणं हुडकायची.

मरेंनी ऑक्सफर्डला आपल्या बागेत पत्र्याची खोली उभारली होती. शेजाऱ्याच्या नजरेत खुपू नये म्हणून ती काहीशी जमिनीत खणून बसवलेली. त्यामुळं ओल आणि गारठा कायमचा. तिथं घरातली मुलंसुद्धा खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या लावायला बसत. एका शब्दाच्या चिठ्ठ्या आधी काळानुसार लावायच्या, मग अर्थानुसार ढीग करायचे, मग कुठला अर्थ कुठल्या अर्थातून फुटला याची वंशावळ मांडायची. ‘सेट’ हे क्रियापद आलं मरेंचे सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांच्याकडे. त्याचे मुख्य विभागच झाले १५४. मरे १९१५ मध्ये गेले. कोश पुरा झाला १९२८ मध्ये. सर्वांत लांब नोंदीचा मान पुढं अनेक दशकं ‘सेट’कडेच राहिला.

समानार्थी शब्दांचं घराणं वेगळं. पीटर मार्क रॉजे हे पेशानं डॉक्टर. १८०५ मध्ये त्यांनी स्वतःसाठी शब्दांची एक वही केली होती. ती वाढवून १८५२ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘थिसॉरस’ छापला. त्यात वर्णानुक्रम नाही. कल्पनांचे हजार कप्पे आहेत. ‘रन’सारख्या शब्दाला तिथं एक घर पुरत नाही. ग्लासगो विद्यापीठानं १९६५ पासून ऑक्सफर्डच्या कोशातले सगळे अर्थ असेच कप्प्यांत लावायला घेतले. १९७८ मध्ये त्यांच्या इमारतीला आग लागली; चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत होत्या म्हणून वाचल्या. ग्रंथ निघाला २००९ मध्ये.

‘सेट’ला ‘रन’नं मागं टाकलं त्यात यंत्रयुगाचा वाटा मोठा. टपालगाडी, आगगाडी, गिरणी, मोटार आणि शेवटी संगणकाची आज्ञावली, जे जे आपल्या गतीनं सुरू राहतं ते ते इंग्रजीत पळू लागलं.

मराठीत अशी यंत्रं पळत नाहीत, चालतात. घड्याळ चालतं, गिरणी चालते, दुकान आणि सरकारही चालतं. मोल्सवर्थनं आरंभलेला आणि मेजर थॉमस कँडीनं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत निघाला. तेव्हापासून एका इंग्रजी क्रियापदासमोर वाहणं, चालणं, धावणं, पळणं अशी रांग लावणं हे इथल्या कोशकारांचंही काम झालं. निवडणुकीला मराठी उमेदवार ब्रिटिश उमेदवारासारखा उभा राहतो, अमेरिकन उमेदवारासारखा धावत नाही. विमानतळानं मात्र ‘धावपट्टी’ दिली, आकाशवाणीनं ‘धावतं समालोचन’ आणि क्रिकेटनं तर धाव, धावसंख्या, धावफलक असा आख्खा संसार. त्या समालोचनात फलंदाज आजही धावचीत होतो. मैदानाबाहेरचा चहावाला मात्र आपली टपरी चालवतच असतो.