कोरियन संगीतात रचनाकार कोण? गृध्रकूटाच्या नावाने वाजणाऱ्या एका संगीताची माहिती

संगीतरचना म्हटली की एका माणसाने नवी चाल बांधली आणि त्याखाली आपले नाव लिहिले, असेच आपण समजतो. कोरियाच्या पारंपरिक संगीताला ही समजूत फारशी लागू पडत नाही. तिथे जुन्या धुनेतून नवी धून वाढवणे हीच शतकानुशतके रचना मानली गेली. याचे सर्वांत ठळक उदाहरण बौद्ध आहे, म्हणून आम्ही त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

'यंगसान ह्वेसांग' हे त्या वाद्यसंगीताचे नाव. अर्थ आहे गृध्रकूटावरील सभा. बिहारमधील राजगीरच्या याच पर्वतावर तथागतांनी सद्धर्मपुंडरीक सूत्राचा उपदेश केला, असे महायान परंपरा मानते. १५ व्या शतकात हे वाद्यसंगीत नव्हते, गाणे होते. शब्द जेमतेम सात चिनी अक्षरांचे, त्या सभेतील बुद्ध आणि बोधिसत्त्वांचे स्मरण करणारे. १४९३ च्या 'आकहाक ग्वेबम' या दरबारी संगीतग्रंथात नृत्याबरोबर त्याची नोंद आहे.

पण जोसन राजवट (१३९२ ते १९१०) कन्फ्यूशियन विचारांची होती. विहारांवर निर्बंध आले, भिक्खूंना राजधानीत प्रवेश बंद झाला आणि ती बंदी उठायला १८९५ साल उजाडले. दरबारात बौद्ध शब्द गायले जाणे मंत्र्यांना खटकत होते. १५१८ मध्ये राजा जुंगजोंगच्या दरबारात या गाण्याऐवजी राजाला दीर्घायुष्य चिंतणारे नवे शब्द पुढे आणले गेले. पुढे गाणेच गळून पडले आणि नुसती धून उरली. नाव मात्र कोणी पुसू शकले नाही.

इथून पुढची गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. ती एक धून वाढत गेली. मूळ भाग 'सांग-यंगसान' अतिशय संथ, २० मात्रांच्या आवर्तनाचा. त्यातून 'जुंग-यंगसान' निघाला, मग १० मात्रांचा 'से-यंगसान', मग 'गाराकदरी', म्हणजे काही स्वर कमी केलेला भाग. सहा मात्रांचे 'दोदरी' प्रकारचे तुकडे जोडले गेले. त्यांतला 'हाहयन दोदरी' म्हणजे आधीचाच तुकडा खालच्या स्वरात नेलेला. 'यमबुल दोदरी' या नावात बुद्धनामस्मरण आहे, तर शेवटच्या 'गुनाक'चा अर्थ लष्करी संगीत! आज तंतुवाद्यप्रधान रूपात एकूण नऊ भाग आहेत आणि सगळे वाजवायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. लय संथपणातून हळूहळू जलद होत जाते. ही मालिका खालच्या स्वरात नेली की तिला वेगळे नाव मिळते, 'प्यंगजो ह्वेसांग'. सुषिर वाद्यांचे रूप आणखी वेगळे.

या वाढीचा कर्ता कोण? एकही नाव सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वादकांनी वाजवता वाजवता हे घडवले.

नावे कोणाची टिकली, हेही पाहिले पाहिजे. राजा सेजोंगचे (राज्यकाळ १४१८ ते १४५०) टिकले. त्याच्या काळात 'जंगगानबो' ही स्वरलिपी तयार झाली. तिच्यात चौकटींच्या उभ्या रांगा असतात आणि एक चौकट म्हणजे एक मात्रा. राजाने काठीने जमिनीवर ठेका धरून एका संध्याकाळी नव्या संगीताची लय ठरवली, असे राजवृत्तांत सांगतो. पण ते संगीतही कोरियात आधीपासून वाजणाऱ्या धुनांवरच उभे होते. म्हणजे पद्धत तीच, फक्त राजाचे नाव लिहून ठेवले गेले. गावोगाव गाणाऱ्या-वाजवणाऱ्या 'ग्वांगदे' कलावंतांना जोसन समाजाने हीन ठरवले होते. भिक्खूही त्याच हीन गणल्या गेलेल्या गटांत होते. त्यांचा वृत्तांत कोण लिहिणार?

या कलावंतांतूनच १९ व्या शतकाच्या अखेरीस 'सान्जो' हा एकल वादनाचा प्रकार पुढे आला. गायागुम या तंतुवाद्याच्या सान्जोचे श्रेय किम चांगजो यांना देतात. इथे नावे आली, पण ती घराण्याची म्हणून. शिष्य गुरूचे वादन शिकतो, त्यात भर घालतो आणि भर पुरेशी झाली की त्याच्या नावाचे नवे घराणे मानले जाते. किम चांगजोंची नात किम जुकपा (१९११ ते १९८९) यांचे घराणे असेच ठरले. पान्सोरी या कथागायनातही गायकाने घातलेला नवा तुकडा त्याच्या नावाने ओळखला जातो, त्याला 'दनुम' म्हणतात.

एकट्याने लिहिलेली नवी कृती या अर्थाने 'जाकगोक' हा शब्द आधुनिक काळात रूढ झाला. गायागुमसाठी अशा कृती लिहिणाऱ्यांत ह्वांग ब्यंगकी (१९३६ ते २०१८) अग्रणी होते. त्यांच्या 'चिमह्यांगमु' (१९७४) या कृतीमागे सिल्ला काळातील बौद्ध कला आहे आणि स्वरांची मांडणी 'बमफे' या बौद्ध पठणगायनावरून घेतलेली आहे.

ऐकू इच्छिणाऱ्या तरुण मित्रांसाठी एक सूचना. 'यंगसानजे' नावाचा विधी वेगळा. तोही गृध्रकूटाच्या सभेचेच स्मरण करतो, पण त्यात भिक्खूंचे बमफे आणि नृत्य असते. सोलच्या बोंगवनसा विहाराने तो जपला असून २००९ मध्ये युनेस्कोने त्याची वारसा यादीत नोंद केली. 'यंगसान ह्वेसांग' शोधताना आधी 'सांग-यंगसान' ऐका आणि लगेच 'से-यंगसान' लावा. तीच धून ओळखू येते का, ते पाहा.