स्मारक म्हणून रुग्णालय

१९१८ च्या नोव्हेंबरात पहिले महायुद्ध थांबले, तेव्हा इंग्लंडातील गावोगावच्या लोकांपुढे शोकाचा एक विलक्षण पेच उभा राहिला. कारण परमुलखात पडलेल्या सैनिकांचे देह स्वदेशी आणण्यास सरकारची सक्त मनाई असल्यामुळे, ज्यांचा मुलगा फ्रान्सच्या किंवा मेसोपोटेमियाच्या मातीत कायमचा राहिला, त्यांना फुले वाहण्यापुरतीही समाधी गावात नव्हती.

कोणी क्रूस उभारला, कोणी स्तंभ. परंतु कित्येक ठिकाणी लोकांनी वर्गणीतून रुग्णालय बांधण्याची तजवीज केली. त्यांच्यापुढे कित्ता होता तो १८५९ साली सरे परगण्यातील क्रॅन्ले येथे अल्बर्ट नॅपर या शल्यवैद्याने एका साध्या घरात सुरू केलेल्या ग्रामीण रुग्णालयाचा : मोजक्या खाटा, गावचाच डॉक्टर, आणि रोग्याने ऐपतीप्रमाणे द्यावयाची आठवड्याची रक्कम.

यावर आक्षेप असा होता की, गावाला जी सोय एरवीही करावी लागली असती तीच मृतांच्या नावे करणे म्हणजे शोकातही काटकसर साधणे होय, आणि कालांतराने इमारत लक्षात राहून माणसे विस्मृतीत जातील. आक्षेप पोकळ नव्हता. तथापि शिलास्तंभ एकदा उभा राहिला की तो गावाकडे फारसे काही मागत नाही, रुग्णालय मात्र रोज मागते. मजुरांनी आठवड्याच्या पगारातून पेनी-पेनी द्यावी, नेमल्या दिवशी घरोघरच्या स्त्रियांनी पौंडभर साखर, चहा किंवा पीठ आणून कोठीत जमा करावे, आणि एखाद्या कुटुंबाने आपल्या मुलाच्या नावे खाटेचा खर्च उचलून तिच्या उशाशी त्याच्या नावाची पाटी लावावी, ही तेथील वहिवाट होती. १९२६ साली अँडोव्हरच्या युद्धस्मारक रुग्णालयाचे उद्घाटन फील्ड मार्शल ॲलनबी यांच्या हस्ते झाले. त्यांचा स्वतःचा एकुलता एक पुत्र १९१७ साली याच युद्धात पडला होता.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि यांतील बहुतेक रुग्णालये सरकारजमा झाली. गरिबाला उपचार विनामूल्य मिळू लागले, हा लाभ निःसंशय मोठा. परंतु स्मरणाचा जो भार गाव स्वतःच्या हातांनी वाहत होते, तो त्याच दिवशी सरकारी जमाखर्चात गेला. सातारा जिल्ह्यातील खेड्यांतही याच युद्धाच्या शिळा आहेत. गावातून किती गेले आणि किती पडले, एवढे आकडे त्यांवर कोरलेले आहेत. त्या शिळा पाहिल्यावर असे निश्चयाने वाटते की, मृतांचे ऋण कोरीव अक्षरांनी फिटत नाही. त्यांच्या नावे जिवंतांची शुश्रूषा करीत राहणे, हाच ते फेडण्याचा खरा मार्ग.