स्टेट कॉलेजमधील जनक्षोभ

स्टेट कॉलेजमधील जनक्षोभ : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील सेंटर काउंटीत वसलेल्या स्टेट कॉलेज या विद्यापीठनगरात २०११ व २०२२ साली झालेले उद्रेक. लोकशाहीत वृत्तमाध्यमे आणि मतधुरीण, म्हणजे ज्यांच्या शब्दाला समाजात वजन असते अशी माणसे, लोकांच्या रोषाला वळण कसे देतात, हे या घटनांतून स्पष्ट होते.

सिद्धान्त : पॉल लाझर्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ओहायो राज्यातील ईरी काउंटीत मतदारांची पाहणी केली. बातमी आधी मतधुरिणांपर्यंत व त्यांच्याकडून इतरांपर्यंत पोहोचते, ही द्विस्तरीय प्रवाहाची कल्पना तीतून पुढे आली. महाराष्ट्रात वृत्तमाध्यम व मतधुरीण या दोन्ही भूमिका अनेकदा एकाच व्यक्तीत एकवटल्या. ‘केसरी’चे लोकमान्य टिळक आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५६ साली ‘मराठा’ दैनिक काढणारे आचार्य अत्रे संपादकही होते आणि चळवळीचे पुढारीही.

२०११ चा उद्रेक : येथील पेन स्टेट विद्यापीठाचे माजी फुटबॉल सहप्रशिक्षक जेरी सँडस्की यांची बाल लैंगिक अत्याचारप्रकरणी चौकशी सुरू असल्याचे वृत्त सारा गॅनिम यांनी ‘पॅट्रिअट-न्यूज’मध्ये मार्चमध्येच दिले होते, तेव्हा फारशी खळबळ उडाली नाही. नोव्हेंबरमध्ये सँडस्की यांना अटक झाली. ९ नोव्हेंबरच्या रात्री विश्वस्त मंडळाने याच प्रकरणावरून १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक असलेले जो पॅटर्नो यांना पदावरून दूर केले आणि हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले. एका दूरचित्रवाणी वाहिनीची गाडी त्यांनी उलथवली. पोलिसांना मिरपुडीचा फवारा वापरावा लागला. शांत राहण्याचे आवाहन खुद्द पॅटर्नो यांनी केले, तरी जमाव आवरला नाही. दोनच दिवसांनी मात्र विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने ओल्ड मेन इमारतीसमोर हजारो लोक पीडितांसाठी मेणबत्त्या घेऊन जमले. २०१२ साली गॅनिम व त्यांच्या वृत्तपत्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

२०२२ चा उद्रेक : उजव्या विचारांच्या ‘प्राउड बॉइज’ संघटनेचे संस्थापक गॅव्हिन मॅकइनेस आणि दुसरे वक्ते ॲलेक्स स्टाइन यांचा कार्यक्रम एका विद्यार्थी संघटनेने २४ ऑक्टोबरला ठरवला होता. विद्यापीठाने वक्त्यांच्या मतांचा निषेध केला, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनात्मक बंधनामुळे कार्यक्रमास मनाई केली नाही. सभागृहाबाहेर निदर्शक जमले, स्टाइन त्यांच्या गर्दीत शिरले, झटापट होऊन रासायनिक फवारे उडाले आणि ऐनवेळी कार्यक्रम रद्द झाला. आंध्र प्रदेशात जन्मलेल्या कुलाध्यक्षा नीली बेंदापुडी यांनी दोन्ही बाजूंना खडसावले : हिंसेला हातभार लावणारे वक्ते कार्यक्रम रद्द झाल्याचा विजय साजरा करतील, तर विरोधकांनी नको असलेल्या विचारालाच अधिक प्रसिद्धी मिळवून दिली आहे.

मूल्यमापन : माध्यमे रोष शून्यातून निर्माण करत नाहीत, त्याला वेळ, जागा आणि लक्ष्य पुरवतात. २०११ मध्ये नोव्हेंबरची ती रात्र पदच्युत प्रशिक्षकाभोवती फिरली, तर दोन दिवसांनंतरची सभा अत्याचारग्रस्त मुलांभोवती. गाव तेच, विद्यार्थीही तेच. बदलले ते केंद्रस्थान. म्हणून अन्याय कोणावर झाला हे बातमीत आधी सांगणे ही पत्रकाराची, आणि जमाव पेटण्यापूर्वी बोलणे ही मतधुरिणाची लोकशाहीतील पहिली जबाबदारी ठरते.