वृद्धाश्रमातील खोली आणि कॅमेरा

करोनाची साथ ओसरल्यानंतरची गोष्ट आहे. रायपूरला असताना माझ्यासमोर एक अर्ज आला. अर्जदार मराठी, नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेला. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन वारले आणि आई रायपुरातील एका खासगी वृद्धाश्रमात राहू लागली. तिच्या दंडावर दोनदा काळेनिळे डाग दिसले. दोन्ही वेळा "पडल्या" एवढाच खुलासा मिळाला. म्हणून आईच्या खोलीत कॅमेरा बसविण्याची परवानगी त्याला हवी होती. त्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या वृद्धेने मात्र स्पष्ट नकार दिला होता. कार्यालयाची टिपणी एका ओळीची होती : याबाबत नियम उपलब्ध नाही.

नियम नव्हता हे खरे, परंतु प्रश्न जुनाच होता. बंद दाराआड असहाय माणसाशी कसे वागले जाते, हे सरकारने कसे पाहावे? १८६१ पासून १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपुरातून चाले. त्या काळातील १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यात (कायद्याचे नावच तसे होते) याचे एक उत्तर सापडते. प्रत्येक वेड्यांच्या रुग्णालयासाठी किमान तीन अभ्यागत नेमावयाचे. त्यांपैकी किमान दोघांनी, एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह, महिन्यातून एकदा तरी एकत्र जाऊन इमारतीचा प्रत्येक भाग व शक्य तितका प्रत्येक रुग्ण पाहावयाचा आणि शेरेबुकात शेरा लिहावयाचा. या पद्धतीत पाहणारा स्वतः खोलीत येई, त्यामुळे रुग्णालाही तो दिसे. दोष असा की महिन्याचे उरलेले दिवस कोणीच पाहत नसे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अभ्यागतांची ही व्यवस्था कायम ठेवली.

वृद्धाश्रम यातून निसटले, कारण त्यांच्याकडे आपण दानधर्म म्हणून पाहत आलो. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम १९ मध्ये दर जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम 'स्थापन करता येईल' असे म्हटले आहे. 'करावा लागेल' असे म्हटलेले नाही. प्रशासनात या दोन क्रियापदांमधले अंतर कधी कधी पिढीभराचे असते. १३ डिसेंबर २०१८ रोजी अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करावयास सांगितले. किती आहेत, हेच आधी कळावयास हवे होते! २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात नोंदणी व किमान दर्जाची तरतूद होती, ते १७ व्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये व्यपगत झाले.

कॅमेऱ्यापुरता कायदा मला परदेशातच सापडला. टेक्सासने २००१ मध्ये, न्यू मेक्सिकोने २००४ मध्ये रहिवाशाला स्वतःच्या खोलीत कॅमेरा लावण्याचा हक्क दिला. इलिनॉयचा कायदा २०१६ पासून, मिनेसोटाचा २०२० पासून लागू झाला. या दोन्ही कायद्यांत नातेवाइकाच्या संमतीपेक्षा रहिवाशाचा स्पष्ट विरोध वरचढ ठरतो. सोबत राहणाऱ्याची लेखी संमती लागते, आणि ती न मिळाल्यास संस्थेने खोली बदलून देण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. सूड उगवला जाण्याची भीती असल्यास मिनेसोटात संस्थेला न कळविता १४ दिवस कॅमेरा ठेवता येतो. ही तरतूद करणाऱ्याने वृद्धाश्रम आतून पाहिले असावेत.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी त्या वेळी ९१ वर्षांचे होते, ही गोष्ट मला विशेष वाटते. पुढे २०२३ चा व्यक्तिगत डिजिटल माहितीचा कायदा आला. पण एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू होत नाही. मुलाने आईच्या खोलीत लावलेला कॅमेरा घरगुती म्हणावा काय? आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईंच्या दृष्टीने?

मी दोघींना भेटलो. शेजारच्या आजी छत्तीसगढीत म्हणाल्या की लुगडे बदलताना तो डोळा माझ्याकडेच असणार. अर्जदाराच्या आईला तोवर कोणी काही विचारलेच नव्हते, अर्जावर तिची सहीही नव्हती. तिने एवढेच विचारले, "साहेब, आवाजही जातो का? रात्री मी कण्हते. ते त्याला ऐकू येऊ नये."

आदेश देण्याचा अधिकार मला नव्हता, म्हणून संस्थेला सल्ला म्हणून लिहिले : आईला एकटीची खोली द्यावी, कॅमेरा फक्त पलंगावर असावा, आवाज बंद, दारावर सूचना, आणि तिने सांगताच तो बंद व्हावा. सोबत १९१२ ची युक्ती उसनी घेतली. महिन्यातून एकदा एक डॉक्टर व एक समाजसेविका यांनी सर्व खोल्या पाहाव्यात आणि शेरेबुकात लिहावे. संस्थेने थोडी कुरकुर करून ते मान्य केले.

शेरेबुकातील पहिला शेरा असा होता की पलंग उंच आहेत, रात्री उतरताना पाय जमिनीला टेकत नाहीत. पलंगांचे पाय कापून घेण्यात आले. एका डागाचा उलगडा त्यातून झाला. दुसऱ्याचा झाला नाही.