अन्नातील प्रतिजैविकरोधी जिवाणू

बाजारात विकले जाणारे मांस, अंडी, दूध, मासळी, भाजीपाला आणि फळे यांवर किंवा त्यांच्यात आढळणाऱ्या, एक वा अधिक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंना अन्नातील प्रतिजैविकरोधी जिवाणू असे म्हणतात. ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, क्लेबसिएला आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे त्यांतील प्रमुख होत. असे जिवाणू पोटात गेल्यावर माणूस लगेच आजारी पडतोच असे नाही. पुष्कळदा ते आतड्यात निमूटपणे राहतात आणि आपली प्रतिरोधक जनुके तेथील इतर जिवाणूंना देतात. पुढे केव्हातरी मूत्रमार्गाचा किंवा रक्ताचा संसर्ग झाला, की नेहमीचे औषध लागू पडत नाही. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. हे सर्व मृत्यू अन्नातून आलेल्या जिवाणूंमुळे झालेले नाहीत. अन्न हा प्रसाराच्या अनेक मार्गांपैकी एक आहे.

== पार्श्वभूमी ==

महाराष्ट्रात शेतापासून बाजारापर्यंतचे हे मार्ग एकाच तालुक्यात पाहायचे असतील तर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता हे चांगले उदाहरण ठरते. गोदावरी आणि प्रवरा या नद्यांच्या कालव्यांमुळे बागायती झालेल्या या तालुक्यात संकरित गायींचे गोठे, कोंबड्यांच्या शेड, पेरू व डाळिंबाच्या बागा आणि शिर्डीसारखे मोठे तीर्थक्षेत्र जवळजवळ आहेत. गोठ्यातील शेणखत बागेत जाते, बागेतील फळ बाजार समितीत जाते आणि शिर्डीतील भोजनालयांमध्ये दूरदूरचा माल शिजतो. जिवाणूंना तालुक्याची हद्द नसते. म्हणून पुढील माहिती राज्यातील व देशातील नोंदींच्या आधारे दिली आहे.

== अवशेष आणि जिवाणू ==

अन्नातील प्रतिजैविकांविषयीच्या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली गोष्ट म्हणजे औषधाचा अवशेष, म्हणजे जनावराला दिलेल्या औषधाचा दुधात किंवा मांसात उरलेला अंश. दुसरी गोष्ट म्हणजे त्या औषधाच्या वापरातून निवडला गेलेला, औषधाला न बधणारा जिवाणू. अवशेष काही दिवसांत शरीरातून निघून जातो. जिवाणू मात्र गोठ्यात, शेणात, पाण्यात आणि माणसांच्या हातांवर टिकून राहतो. त्यामुळे अवशेषांच्या चाचणीत निर्दोष ठरलेल्या मांसावरही प्रतिरोधक जिवाणू असू शकतात.

दुधाच्या बाबतीत हा फरक घरातही कळू शकतो. औषधाचा अंश जास्त असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दही जमवणारे जिवाणूच त्या औषधाने मरतात किंवा दुबळे होतात. दही व चीज करणाऱ्या डेअरीचे यात रोख नुकसान होते, म्हणून दूध घेताना अवशेष तपासण्यात तिचा स्वतःचा स्वार्थ असतो. प्रतिरोधक जिवाणू शोधण्यात असा कोणाचाच तात्काळ स्वार्थ नसतो, आणि ही या प्रश्नाची खरी अडचण आहे.

== प्रतिरोधाचा प्रसार ==

एखाद्या कळपाला वारंवार किंवा अपुऱ्या मात्रेत प्रतिजैविक दिले, की संवेदनशील जिवाणू मरतात आणि योगायोगाने वाचलेल्या प्रतिरोधक जिवाणूंना मोकळे रान मिळते. प्रतिरोधाची जनुके अनेकदा प्लास्मिड नावाच्या लहान, वर्तुळाकार डीएनएवर असतात. एक जिवाणू हे प्लास्मिड दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो.

कोलिस्टिन या जुन्या औषधाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. मूत्रपिंडांना अपाय होत असल्यामुळे डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले होते, परंतु इतर औषधे निकामी ठरू लागल्यावर अतिदक्षता विभागात ते शेवटचा उपाय म्हणून परत आले. मधल्या काळात जगभर ते कोंबड्यांच्या व डुकरांच्या खाद्यात वाढवर्धक म्हणून मिसळले जात होते. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरांमध्ये, किरकोळ विक्रीच्या मांसात आणि रुग्णांमध्ये प्लास्मिडवर असलेले एमसीआर-१ हे कोलिस्टिनरोधी जनुक आढळल्याचे जाहीर केले. भारतातही चेन्नईच्या बाजारांतून घेतलेल्या अन्नाच्या नमुन्यांत कोलिस्टिनरोधी जिवाणू सापडले. केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

== गोठा ==

दुभत्या गायीला सर्वाधिक वेळा प्रतिजैविक दिले जाते ते कासदाहासाठी. या रोगाला ग्रामीण भागात दगडी किंवा मस्टायटिस असेही म्हणतात. औषधाची नळी थेट सडात सोडली जाते, त्यामुळे पुढील काही धारांच्या दुधात औषध उतरते. भारतातील औषध नियमांनुसार पशुवैद्यकीय औषधाच्या वेष्टनावर उपचारानंतर उत्पादन विकू नये असा काळ छापावा लागतो. तो ठरवून दिलेला नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत असे २०१२ पासून बंधन आहे. दररोजच्या दुधावर घर चालवणाऱ्या पशुपालकाला आठवडाभराचे दूध ओतून द्या म्हणणे सोपे नाही; नियम कागदावर राहण्याचे कारण बहुधा अज्ञानापेक्षा हेच असते. उपचार अर्धवट सोडणे, जुन्या चिठ्ठीवर औषध आणणे आणि निदानाशिवाय भारी औषध वापरणे यांमुळेही प्रतिरोध वाढतो.

गोठा कोरडा ठेवणे, धार काढण्यापूर्वी व नंतर सड जंतुनाशकात बुडवणे यांमुळे कासदाहाचे प्रमाण घटते आणि औषधाची गरजही कमी होते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाहासाठी कोरफड, हळद व चुना यांच्या लेपाचा प्रसार केला आहे.

== कुक्कुटपालन ==

ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत विक्रीस तयार होते. वरील २८ दिवसांचा नियम तिला लावला तर दुसऱ्या आठवड्यानंतर असे औषध देताच येणार नाही, आणि रोगाची भीती तर शेवटपर्यंत असते. एका शेडमध्ये हजारो पक्षी असल्याने आजारी पक्षी वेगळा काढून उपचार करणे शक्य नसते. औषध सर्वांच्या पाण्यात घातले जाते. दिल्लीतील विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या ७० नमुन्यांची तपासणी केली. त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष आढळले.

युरोपात या प्रश्नाची जाणीव बरीच आधी झाली. ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्येच वाढवर्धक म्हणून होणाऱ्या वापरावर आक्षेप घेतला होता. डेन्मार्कने १९९५ मध्ये अ‍ॅव्होपार्सिनवर बंदी घातली आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून सर्वच प्रतिजैविक वाढवर्धके बंद केली.

== डाळिंब आणि तेल्या ==

फळबागांचा मार्ग सहसा विसरला जातो. डाळिंबावरील तेलकट डाग, म्हणजेच शेतकऱ्यांच्या बोलीतील 'तेल्या', हा झँथोमोनास जिवाणूमुळे होणारा रोग आहे. नाशिक, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. त्यावर स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी सर्रास होत असे. स्ट्रेप्टोमायसिन ९० टक्के आणि टेट्रासायक्लिन १० टक्के असे हे मिश्रण आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये शोधले गेले आणि क्षयरोगावरील ते पहिले प्रभावी प्रतिजैविक ठरले; टेट्रासायक्लिनही माणसांच्या उपचारात वापरले जाते. फवाऱ्याचा मोठा भाग पानांवरून मातीत पडतो आणि तेथील असंख्य जिवाणूंवर त्याचा परिणाम होतो.

केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या डिसेंबर २०२१ मधील आदेशाने या दोन्ही औषधांची शेतीसाठी आयात व निर्मिती १ फेब्रुवारी २०२२ पासून थांबवण्यात आली, तर शेतीतील वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्णपणे बंद करण्यात आला. बंदीनंतर बागायतदारांचा भर रोगट फांद्यांची छाटणी, बागेची स्वच्छता, निरोगी रोपे आणि ताम्रयुक्त औषधे यांवर असणे अपेक्षित आहे.

== मासळी बाजार ==

महाराष्ट्रातील सर्वांत ठळक नोंद मुंबईची आहे. वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या संशोधकांना ताज्या मासळीत एनडीएम-५ जनुक असलेला ई. कोलाय आढळला. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे जनुक जिवाणूला कार्बापेनेम गटातील औषधे निष्प्रभ करण्याची क्षमता देते, आणि कार्बापेनेम ही गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेली रुग्णालयीन औषधे आहेत. समुद्रातल्या माशाला कोणी कार्बापेनेम देत नाही. ही जनुके सांडपाण्यातून किनाऱ्याच्या पाण्यात किंवा दूषित पाणी, बर्फ आणि हाताळणी यांद्वारे बाजारात मासळीवर पोहोचू शकतात.

याच कुटुंबातील एनडीएम-१ हे जनुक प्रथम २००८ मध्ये भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात आढळले. त्याला नवी दिल्लीचे नाव दिल्यावरून मोठा वाद झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत ते जनुक सापडले. भाजी धुण्यासाठी आणि तिच्यावर शिंपडण्यासाठी विक्रेता कोणते पाणी वापरतो, हा प्रश्न त्यामुळे गौण राहत नाही.

== कायदे व देखरेख ==

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमावलीत मांस, दूध, अंडी आणि मत्स्योत्पादनांतील प्रतिजैविकांच्या अवशेषांची मर्यादा दिली आहे. १ एप्रिल २०२५ पासून अन्नोत्पादनाच्या कोणत्याही टप्प्यावर वापरू नयेत अशा प्रतिजैविकांची यादी वाढवण्यात आली. राज्यात नमुने घेण्याचे काम अन्न व औषध प्रशासन करते. ही मोजणी मुख्यतः अवशेषांची आहे. प्राण्यांतील व मत्स्यपालनातील जिवाणूंच्या प्रतिरोधावर भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी उभारलेले जाळे लक्ष ठेवते. देशाचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ ते २०२१ या काळासाठी होता. त्यात आरोग्य, पशुसंवर्धन आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार केला गेला.

== स्वयंपाकघर ==

औषधाला न जुमानणारा जिवाणू उष्णतेला मात्र इतर जिवाणूंइतकाच बळी पडतो. दूध उकळल्याने, तसेच मांस व मासळी आतपर्यंत शिजवल्याने तो मरतो. धोका अधिक असतो तो कच्च्या पदार्थांत: कोंबडी कापलेल्या विळीवर किंवा फळीवर तशीच चिरलेली कोशिंबीर, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, न धुता खाल्लेला पेरू. मांसासाठी वेगळी सुरी व फळी ठेवणे, कच्चे मांस वाहत्या नळाखाली धुऊन त्याचे शिंतोडे न उडवणे आणि मांस हाताळल्यावर साबणाने हात धुणे हे उपाय त्यासाठी सुचवले जातात. औषधाचा अवशेष मात्र शिजवल्याने पूर्णपणे नष्ट होईलच असे नसते; तो रोखण्याची जागा गोठा व शेड हीच आहे.