बहिऱ्या घरातला बहुरूपी

दार वाजवू नका. आतल्या बाईला ऐकू येत नाही. तिचा नवराही बहिराच. तो न्हावी आहे, या वेळी कुणाची तरी दाढी करत असेल. साल १८९३च्या आसपासचं, गाव कोलोरॅडो स्प्रिंग्ज. सरळ आत या आणि भिंतीला टेकून उभे राहा.

पलंगावर एमा चेनी आहे, संधिवातानं अंथरुणाला खिळलेली. तिच्या वडिलांनी याच गावात बहिऱ्या मुलांची शाळा उभी केली. तिचा स्वतःचा मुलगा मात्र चौथीनंतर शाळा सोडून तिच्या उशाशी बसलाय. लिओनिडास त्याचं नाव, पुढे त्याचं लॉन होणार आहे. त्याला ऐकू येतं, बोलताही येतं, पण या खोलीत दोन्हींचा उपयोग नाही. तो नुकताच गल्लीतून फिरून आलाय आणि आईला गावची खबर द्यायची आहे.

बघा आता. आधी त्याचं पोट पुढे येतं. मग हनुवटी गळ्यात रुतते आणि एक पाय किंचित फरफटू लागतो. कोपऱ्यावरचा कुणीतरी जाडा गृहस्थ खोलीत येऊन उभा राहतो. आईनं ओळखलं. पुढचा माणूस. तिचं लक्ष क्षणभर खिडकीकडे गेलं की गोष्ट तिथेच तुटते, पुन्हा पहिल्यापासून. अभिनयाच्या एवढ्या कडक तालमी मी तरी दुसऱ्या ऐकल्या नाहीत.

मधली वर्षं भरभर ओलांडा. नाटकगृहात सामान हलवणं, फिरत्या मंडळींबरोबर गावोगाव नाच आणि विनोद. थांबायचंच असेल तर १९१३च्या एप्रिलमध्ये थांबा, लॉस एंजेलिसच्या एका नाटकगृहात. लॉनची बायको क्लीव्हा तिथे विष घेते. ती जगते, पण गाणारीचा गळा कायमचा जातो. संसार मोडतो, लहानग्या मुलाचा, क्रेटनचा प्रश्न उरतो. लॉन नाटक सोडून चित्रपटांकडे वळतो, युनिव्हर्सल कंपनीत.

तिथल्या आवारात पडेल ते सोंग. आज खलाशी, उद्या दरोडेखोर, परवा कुणाचा तरी म्हातारा बाप. नायक व्हायला हा चेहरा चालत नाही, म्हणून तो बाकी सगळं होतो. चरित्र अभिनेता हा भारदस्त शब्द नंतर येतो, आधी असते ती ही हमाली. पाचेक वर्षांनी त्यानं पगारवाढ मागितली, तेव्हा तुझी लायकी आठवड्याला शंभर डॉलरच्या वर जाणार नाही असं त्याला ऐकवण्यात आलं, असं सांगतात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तो बाहेर पडला.

१९१९च्या ‘द मिरॅकल मॅन’मध्ये त्यानं लुळेपणाचं ढोंग करणारा भामटा केला. वाकडंतिकडं शरीर लोकांसमोर हळूहळू सरळ होतं, आणि त्याचं नाव होतं. तो चित्रपट तुम्हाला इथेच बघावा लागेल. तुमच्या काळात त्याचे तुकडेच उरलेत.

१९२०, ‘द पेनल्टी’. पाय कापलेला गुंड हवाय. चेनी दोन्ही पाय गुडघ्यात मागे दुमडून पट्ट्यांनी आवळतो आणि गुडघे चामड्याच्या खोळींत घालतो. कॅमेरा थांबला की पट्टे सोडायची घाई होते, कारण थोड्याच वेळात रक्त अडतं. तशा अवस्थेत तो चढतो, उड्या मारतो. तुम्हाला बघवत नाही. मलाही हा अट्टहास कधी कधी कलेपेक्षा हट्टच वाटतो. पण त्या माणसाचे डोळे पाहा. दुखणं गुंडाचं आहे की चेनीचं, हे सांगता येत नाही.

आता पुन्हा युनिव्हर्सल. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’चं चित्रीकरण चालू आहे. रंगपटात स्पिरिटचा वास आहे. आरशासमोर तो एकटाच, रंगभूषाकार वगैरे कुणी नाही. कापूस आणि कलोडियन हा चिकट द्रव चढवून गालांची हाडं वर येतात, नाकाचा शेंडा वर ओढला जातो, नाकपुड्या काळ्या भोकांसारख्या दिसू लागतात. खोटे दात बसतात. डोक्यावर टकलाची टोपी चढते आणि कपाळ लांबत जातं. हा चेहरा जाहिरातीत कुठेही दिसता कामा नये, अशी कंपनीची ताकीद आहे.

म्हणून तुम्ही थेट सप्टेंबर १९२५मध्ये, न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर थिएटरात बसा. फँटम ऑर्गन वाजवतोय. मागून नायिका, मेरी फिल्बिन, दबकत येते, हात पुढे करते, कचरते, पुन्हा करते. मुखवटा निघतो. ती मागे आहे, तिला अजून काही दिसलेलं नाही. आधी दिसतं ते तुम्हाला. शेजारची बाई तुमची बाही घट्ट धरते. सगळं थिएटर चेहऱ्याकडे बघतंय. तुम्ही त्याचं ते उगारलेलं बोट बघा. कोलोरॅडोतल्या खोलीत असंच बोलणारं शरीर तुम्ही पाहिलंय.

त्या दिवसांत अमेरिकेत एक विनोद फिरतो. कोळी दिसला तर चिरडू नका, लॉन चेनी असायचा.

मग पडदा बोलू लागतो. चेनी बरेच दिवस टाळतो. शेवटी आपल्याच ‘द अनहोली थ्री’ची बोलकी आवृत्ती करायला तो १९३०मध्ये तयार होतो. शब्दभ्रमकार, म्हातारी, बोलका बाहुला, पोपट आणि एक मुलगी, असे पाच आवाज एकटा काढतो. लोकांचा विश्वास बसावा म्हणून हे आवाज आपलेच आहेत असं शपथपत्रच करून देतो. आयुष्यभर मुक्यानं कमावलेल्या माणसाला आवाजाचा पुरावा द्यावा लागतो.

चित्रपट जुलैत लागतो. २६ ऑगस्टला सगळं संपतं, वय ४७. फुफ्फुसाचा कर्करोग, आणि शेवटी घशातला रक्तस्राव. अखेरच्या दिवसांत त्याला बोलता येत नव्हतं, लहानपणीच्या खुणांनीच तो सांगू पाहायचा, असं म्हणतात.

तुम्ही पुन्हा भिंतीला टेकून उभे आहात. पलंगावर या खेपेला तो आहे. कुणीतरी वाकून काय हवंय विचारतं. चादरीवरून त्याचे हात वर येतात.