संवादफलक आणि घरातील भावंडे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
ज्यांना वाचेने बोलता येत नाही अशा व्यक्तींनी चित्रे, चिन्हे, अक्षरफलक किंवा बोलके यंत्र यांच्या साहाय्याने व्यक्त होणे, यास पूरक व पर्यायी संवाद असे म्हटले जाते. या साधनांचा इतिहास बहुधा संशोधकांच्या अथवा वापरकर्त्यांच्या अंगाने मांडला जातो. वापरकर्त्या मुलाच्या घरातील लहान भावंडांचे स्थान त्यात दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या स्थानाचा विचार केला आहे.

साधनांचा उदय
चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ मध्ये आपली चिन्हलिपी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. भिन्नभाषिक समाजांत परस्परसमज वाढावा, हा त्यांचा हेतू होता. १९७१ मध्ये टोरँटो येथे शर्ली मॅकनॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लिपी सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी उपयोगात आणली. पुढे १९८३ मध्ये या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

महाराष्ट्रात डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. त्यामागे त्यांची कन्या मालिनी चिब यांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. मालिनी यांनी एका बोटाने टंकलेखन करून लिहिलेले ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र २०११ मध्ये प्रकाशित झाले. अलीकडे आयआयटी मुंबईत विकसित झालेले ‘जेलो’ हे चित्राधारित उपयोजन मराठीतही उपलब्ध आहे.

पात्रतेकडून सहभागाकडे
प्रारंभीच्या काळात मुलाची बौद्धिक पात्रता सिद्ध झाल्यावरच साधन द्यावे, असा प्रघात होता. साधन दिल्यास मूल बोलणारच नाही, ही भीतीही त्यामागे होती. १९८९ मध्ये कॅरोल गूसेन्स यांनी एका बालकाच्या अभ्यासातून, चाचणीची वाट न पाहता आधी साधनाद्वारे संवाद सुरू करता येतो, असे मांडले. २००५ मध्ये रोम्स्की व सेव्हसिक यांनी ‘फार लहान वय’ हा आक्षेप निराधार ठरविला. २००६ मध्ये मिलर, लाइट व श्लोसर यांनी पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातील सबळ पुराव्याच्या २७ व्यक्तींपैकी ८९ टक्क्यांच्या वाचेत वाढ आढळली. एकाचीही वाचा घटली नव्हती.

या बदलामुळे मोठ्यांनी स्वतः चित्रावर बोट ठेवत बोलणे, हा शिक्षणाचा पाया ठरला. मग दोन वर्षांच्या भावंडास दूर ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. ते यंत्र ओढणार, हे खरे. परंतु त्यावर यंत्र कपाटात ठेवणे हा उपाय नव्हे, कारण ते वापरकर्त्याचा आवाज आहे. धाकट्यास त्याच चित्रांचा कागदी फलक स्वतंत्र द्यावा. थोरल्या भावंडास चित्रावर बोट ठेवून बोलण्यास व उत्तरासाठी थांबण्यास शिकवावे. त्याच्यावर दुभाष्याचे कायमचे ओझे मात्र लादू नये.

कसालच्या संदर्भात
मुंबई-गोवा महामार्गावरील कसाल येथून मालवणकडे रस्ता फुटतो. या परिसरातील अनेक घरांत मालवणी बोलली जाते. यंत्र ‘मला पाणी हवे’ असे म्हणते, तर भावंड ‘माका पाणी व्हया’ असे म्हणते. फलकावर घरचे शब्द लिहिले आणि बोलक्या यंत्रात शक्य असेल तेथे भावंडाच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित केले, तर मूल घरातल्या गजालीत सामील होऊ शकते. अन्यथा साधन असूनही ते आपल्याच घरात परके राहण्याचा धोका आहे.

समारोप
२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने संवादाच्या व्याख्येत पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश केला. या मान्यतेस घरात अर्थ यावयाचा, तर फलकावर बोट ठेवून उत्तर देणारे कोणी तेथे असावे लागते. अध्यापक महाविद्यालयांनी व समाजकार्य विभागांनी पालकांच्या प्रशिक्षणात भावंडांचा समावेश करावा, एवढेच येथे सुचवावेसे वाटते.